चार नळ्या, एक चंद्रकोर

"डोळे मीट आणि फक्त ऐक," धैर्यशील म्हणाला. "आणि मग एका वाक्यात सांग. एकाच. तुम्ही कवी लोक फार पसरता."

मी डोळे मिटले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, यासीन मुजावरच्या गॅरेजात, आडव्या टाकलेल्या टायरवर बसून मी कुठल्यातरी परक्या देशातल्या परक्या मोटारीचा आवाज लॅपटॉपच्या दोन किरकोळ स्पीकरांतून ऐकू लागलो. शेजारच्या शेडमध्ये लेथवर कोणी लोखंड सोलत होते. त्या किरकिरीतून वाट काढत आवाज चढला, टोकाशी थरथरला आणि संपला.

"हा टोरेली. आता काझेहारा ऐक."

दुसरा आवाज खालून आला, घुटमळला, मग जाड झाला.

"बोल."

"पहिला म्हणजे चिडलेल्या माणसाने जुनी पत्रे फाडावीत तसा. दुसरा म्हणजे दाराआड कोणी घसा खाकरावा तसा."

"काझेहारा घसा खाकरतो?" नंदन हुपरीकर उठून उभाच राहिला. त्याच्या घरी चांदीच्या पैंजणांचा पिढीजात धंदा होता, आणि नाजूक आवाजावर आपला जन्मसिद्ध अधिकार आहे अशी त्याची समजूत होती. "ह्याला कुणी बोलावलं रे?"

"खरं बोलला की लागतंय," विक्रांत बुधले म्हणाला. त्याचे टायरचे दुकान होते आणि तो टोरेलीचा माणूस होता. तो टोरेलीचा का, हे त्यालाही माहीत नव्हते. श्रद्धेचे तसेच असते.

या मंडळींचा वाद काय होता, ते मला आधी समजावून घ्यावे लागले होते. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून जळका वायू बाहेर पडतो. तो गोळा करून मागे पाठवणारा जो पहिला भाग, तो कारखान्यातून आलेल्या गाडीत बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. काळा, आखूड, ओबडधोबड. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. शौकीन माणूस तो काढून टाकतो आणि त्या जागी स्टेनलेस स्टीलच्या लांब वळणदार नळ्या बसवतो. त्याला हेडर म्हणतात. येथवर सर्वांचे एकमत होते. पण टोरेली आणि काझेहारा या दोन परदेशी कंपन्यांपैकी टोरेलीच्या चारही नळ्या एकदम एका तोंडात विलीन होत, तर काझेहाराच्या आधी दोन-दोन मिळत आणि मग त्या दोहोंची एक होई. एवढ्याशा फरकावर, अद्वैत आणि विशिष्टाद्वैत यांनी एकमेकांकडे पाहिले नसेल अशा तुच्छतेने हे दोन पंथ एकमेकांकडे पाहत.

मी तेव्हा नुकताच मराठीत एम. ए. झालो होतो. माझ्या दोन कविता एका अनियतकालिकात छापून आल्या होत्या आणि त्यानंतर ते अनियतकालिक बंद पडले होते. दुपारी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून पाण्याच्या निरर्थकतेवर विचार करावा, आणि संध्याकाळी शाळेपासूनचा मित्र म्हणून धैर्यशील इंगवलेच्या संगतीला यावे, असा माझा दिनक्रम होता. मला ही माणसे परकी वाटली नाहीत. कविसंमेलनांतही मी हेच पाहत आलो होतो: न वाचलेल्या कवीवर प्राणपणाने बोलणारे, आणि स्वतःची गाडी कधीच सुरू न करणारे.

कारण धैर्यशीलची गाडी खरोखरच सुरू होत नव्हती. ती चंदेरी सेडान गणपतीपासून स्टँडवर चढवून ठेवलेली होती. बिडाचा मॅनिफोल्ड काढला होता. त्या जागी कोणता हेडर, हे ठरत नव्हते. दोन्ही हेडर मागवून झाले होते, खोक्यांत पडून होते, आणि गाडी हृदय उघडे ठेवून निर्णयाची वाट पाहत होती.

"यासीनभाई, तुम्ही सांगा," धैर्यशील म्हणाला.

"दोन्ही एक नंबर आहेत, साहेब."

"एक नंबर दोन कसे असतील?"

"आमच्याकडं असतात," यासीन म्हणाला आणि पान्याने दुसऱ्याच गाडीचा नट फिरवू लागला. गिऱ्हाइकांच्या दोन पंथांत तो अनेक वर्षे सुखाने राहत आला होता.

काढलेला मॅनिफोल्ड मात्र वाया गेला नव्हता. तो जमिनीवर उलटा पडलेला असे, चार पायांचा काळा खेकडा जसा, आणि त्याच्या चारही तोंडांत सगळे सिगारेटी विझवीत. एकदा राख झटकताना मला त्याच्या पोटावर एक उंचवटा दिसला होता: नखाएवढी चंद्रकोर, बिडातच उठलेली. जिथे कायम धूर आणि काळोख, तिथे कोणी कोणासाठी चंद्र ठेवला असेल, असे काहीतरी मी बोललोही होतो.

"साच्यातला डाग असेल," बुधले म्हणाला होता, आणि चंद्रावरच राख झाडली होती.

त्या संध्याकाळी मात्र धैर्यशीलला घाई होती. "रविवारी आबा येणार आहेत," त्याने जाहीर केले. "गाडी चालू पाहिजे. बोंबलली पाहिजे. तरच शेड मिळणार."

आबा म्हणजे त्याचे वडील, शिरोलीच्या इंगवले फौंड्रीचे मालक. फौंड्रीच्या कडेला एक जुनी शेड रिकामी पडली होती. पूर्वी तिथे ओतकामाचे लाकडी नमुने बनत. तिथे धैर्यशीलला स्वतःचे वर्कशॉप टाकायचे होते. शर्यतीच्या गाड्या, हेडर, टर्बो, दाराशी निऑनचा फलक. त्याला आयुष्यात दुसरे काही नको होते, हे मी त्याच्या बाजूने शपथेवर सांगेन.

"आणि फौंड्री?" मी विचारले.

"पुण्याची एक पार्टी अख्खी मागतीय. आबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. आईला म्हणाले, पोराचं मन कुठं आहे ते एकदा बघतो, मग त्यांना कळवतो."

"कुठे आहे?"

"शेडमधे," तो म्हणाला. "मला ती भट्टी, ती काळी माती, ते रेतीचे ढीग... आत पाऊल टाकलं की शिंका. लहानपणी गेलो असेन तेवढाच. ते काय ओततात तेसुद्धा मला नीट माहीत नाही भावा. कसलीतरी कास्टिंगं."

मग त्याने दोन्ही खोकी उघडायला लावली. यासीनने आधी सर्वांना पांढरे सुती हातमोजे वाटले. नव्या स्टीलला उघडे बोट लागले, तर बोटाचा तेलकट ठसा त्यावर राहतो. आणि नळी पहिल्यांदा तापली की तो ठसा भाजून कायमचा बसतो. घासून, पुसून, कशानेही जात नाही. म्हणून ही दांडगी माणसे, जी वडापावचे तेल जीन्सला पुसत, ती आता बाळंतिणीच्या खोलीत शिरावे तशी वावरत होती.

"बघ हे टाके," बुधले कुजबुजला. टोरेलीच्या सांध्यांवर वेल्डिंगची ओळ होती, बारीक, एकसारखी.

"टाके बघून काय करायचंय?" नंदन म्हणाला. "गगनबावड्याच्या घाटात खालचा, कमी वेगातला जोर लागतो. तो काझेहारा देतो. धैर्या, गाडी घाटात चढवणार आहेस की देव्हाऱ्यात ठेवणार आहेस?"

धैर्यशीलने माझ्याकडे पाहिले. "तू सांग. तापल्यावर टोरेली रंग बदलतो. आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा. कसा दिसेल?"

मला काही सांगायचे नव्हते. शब्द तेवढे तोंडाशी आले. "मोराच्या मानेवरून ऊन सरकावे तसा," मी म्हणालो.

"बास," धैर्यशील म्हणाला. "टोरेली."

माझ्या प्रतिमेने जगात घडवलेला हा पहिला आणि आजवरचा शेवटचा बदल. कोणत्याही समीक्षकाने त्याची नोंद घेतलेली नाही.

नंदन पाय आपटत निघून गेला आणि रविवारी सकाळी सर्वांच्या आधी हजर झाला.

धैर्यशीलच्या आईने नारळ, हळदकुंकू आणि झेंडूचा हार पाठवला होता. यासीनने भक्तिभावाने कुंकवाचे बोट हेडरकडे नेले आणि तीन माणसे एकदम ओरडली.

"पाइपला नको! भाजून बसेल!"

"मग देवाचं कुठं करू?"

"बॉनेटला कर. देवाला काय फरक पडतोय?"

बॉनेटवर स्वस्तिक काढले गेले. हेडर स्पिरिटने पुन्हा एकदा पुसला. तो इंजिनाच्या कुशीत बसला होता, थंड, रुपेरी, अस्पर्श. सर्वांनी त्याच्याकडे पाहत एकेक सिगारेट ओढली आणि खेकड्याच्या तोंडात विझवली.

इतक्यात जीप आली. जुनी, खाकी, दारावर पांढऱ्या रंगात 'इंगवले फौंड्री' आणि त्यावर काहीतरी चिन्ह, उन्हात चटकन न दिसणारे. आबा उतरले. पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा. बाह्यांवर ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोके, कोणी सुईने टोचावीत तशी. मला त्या सदऱ्यात चांदण्यांचा नकाशा दिसला. पण मला त्या काळी कशातही काहीही दिसे.

धैर्यशील लग्नाच्या वयाचा होता, पण वडिलांसमोर त्याने कधी सिगारेट दाखवली नव्हती. ही आमच्याकडची रीत; वडिलांना सगळे ठाऊक असते, मुलाने फक्त लपवायचे असते. त्याने तोंडावरून हात फिरवला, हसत पुढे झाला आणि पुढे होता होता पायाने तो मॅनिफोल्ड टेबलाखाली सारला.

बीड कोब्यावर घासले. खर्रर्र असा जड, कोरडा आवाज झाला.

आबा नमस्कार घेत होते. तसेच थांबले. "काय सारलंस?"

"काही नाही आबा. बसा की."

"काढ बाहेर."

धैर्यशीलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने खेकडा पायानेच पुढे ओढला. चारही तोंडे थोटकांनी भरलेली.

"माझ्या नाहीत आबा," तो म्हणाला. "हे कवी ओढतात."

आबांनी माझ्याकडे पाहिले. "सगळ्या?"

"मन लागत नाही हो त्याचं," धैर्यशील म्हणाला. "नोकरी नाही."

आबांनी खाली वाकून दोन्ही हातांनी मॅनिफोल्ड उचलला. तो चांगलाच जड होता. बुधले त्याला कायम पायानेच हलवीत असे. कोपऱ्यातल्या पिंपात त्यांनी तो पालथा करून थोटके झटकली. मग खिशातला रुमाल काढला. एकेका तोंडात बोट घालून आतली राख पुसली. मग पोट पुसले. रुमाल काळा होत गेला आणि काळ्यातून ती चंद्रकोर वर आली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग मॅनिफोल्ड एका बोटावर टांगता धरून जीपच्या किल्लीने त्याला हलकेच ठोकले.

देवळातल्या लहान घंटेसारखा नाद निघाला आणि बराच वेळ राहिला.

"वाजतंय. तडा नाही," आबा म्हणाले. ते कोणाला सांगत नव्हते.

मी दाराबाहेर पाहिले. जीपवरचे चिन्ह आता सावलीत आले होते. चंद्रकोरच होती ती. तशीच, डावीकडे कललेली.

"धैर्या," मी त्याची बाही ओढली, "जीपकडे बघ."

"असू दे रे. आडवी लावली तरी चालतीय. आपली गाडी तिकडनं निघंल."

"हे काय रं?" आबांनी हातातली वस्तू पुढे करून विचारले.

बोलणे सिगारेटीवरून सरकले म्हणून धैर्यशील इतका सुखावला की त्याला कंठ फुटला. "ते होय? भंगार आहे आबा. कंपनीचं. गाडी घेतली की पहिलं हे काढून टाकायचं असतंय."

"का?"

"गाडीला श्वास घेऊ देत नाही. हा कवी काय म्हणाला सांगू? गाडीच्या घशातला आवंढा!"

नंदन हसला. आबा माझ्याकडे वळले. "चांगलं लिहिता," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता, तर मला उत्तर देता आले असते.

"आबा, मला वाटतं हे..." मी सुरुवात केली.

"थांब जरा," धैर्यशील म्हणाला.

"कोण करतं हे?" आबांनी त्याला विचारले.

"कोण करणार? असतील कुठल्यातरी भट्टीवाले. ढिगानं ओतायचं आणि द्यायचं पाठवून. त्यात करायचं काय असतंय?"

"असं," आबा म्हणाले.

त्यांनी मॅनिफोल्ड टेबलावर ठेवला, नीट, तोंडे वर करून. मग ते गाडीपाशी गेले. उघड्या बॉनेटखाली टोरेली चमकत होता. "आणि हे नवं?"

"हे बघा की आबा. इटलीहून आलंय. हातानं वेल्ड केलेलं, एकेक."

"हातानं," आबा म्हणाले, आणि त्यांनी आपला हात त्यावर ठेवला. गोठ्यात शिरलेला माणूस जनावराच्या पाठीवर ठेवतो तसा, पंजा पसरून, निवांत.

"हात नको!" चार कंठ एकदम फुटले.

"आबा, हात नका लावू," धैर्यशील पुढे धावला. "डाग पडतो. कायमचा."

आबांनी हात काढला. तो उलटसुलट करून पाहिला. राखेने, तेलाने माखलेला. बोटांची टोके भाजून भाजून गुळगुळीत झालेली. तो हात घेऊन ते तसेच उभे राहिले, जणू आता तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हते.

नंदन स्पिरिटची बाटली शोधू लागला. "पुसा, पुसा, आधी पुसा."

"चालू कर," आबा म्हणाले.

"एक मिनिट आबा, पुसून..."

"चालू कर म्हटलं."

या शब्दानंतर पुसणे शक्य नव्हते. यासीनने घाईने नारळ फोडला, धैर्यशील गाडीत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. गणपतीपासून गप्प असलेले इंजिन दोनदा खोकले आणि मग पेटले. छताचे पत्रे थरथरले. शेजारची लेथ बंद पडली. कारागीर दाराशी येऊन उभा राहिला. जुनी पत्रे फाडण्याचा तो आवाज चढत चढत गेला. माझी उपमा चुकली नव्हती. बुधलेच्या डोळ्यांत पाणी आले. नंदनसुद्धा क्षणभर काझेहाराला विसरला. आबा मात्र मान किंचित तिरकी करून ऐकत होते, समोर बोलणाऱ्याचे काही ऐकू येत नाही पण तोडू नये म्हणून माणूस ऐकतो तसे.

धैर्यशीलने इंजिन बंद केले.

"शेड तुझी," आबा म्हणाले. "उद्या किल्ली घेऊन जा."

धैर्यशील खाली उतरला, त्याने वाकून वडिलांच्या पायांना हात लावला. तो खरेच गहिवरला होता.

"आणि बाकीचं पुण्याच्या लोकांना देऊन टाकतो," आबा म्हणाले. "चालेल न्हवं?"

"चालेल की आबा! तुम्ही तरी कुठवर त्या भट्टीपुढं उभं राहायचं? आता आराम करा."

यातही प्रेमच होते. मी तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आबांनी मान हलवली. टेबलावरचा मॅनिफोल्ड उचलला, झोपलेले मूल घ्यावे तसा खांद्याशी धरला, आणि ते गेले. जीप सुरू झाली तेव्हा ती फारच हळू आवाजात सुरू झाली.

"बघितलंस?" धैर्यशीलने मला मिठी मारली. "आवाजानं पाघळले आबा! टोरेली, भावा!"

"काझेहारानंसुद्धा पाघळले असते," नंदन म्हणाला.

धैर्यशीलने खिशातून सिगारेट काढली, पेटवली, आणि टेबलाखाली पाहिले. "आयला," तो म्हणाला, "आबा ॲश-ट्रे का घेऊन गेले?"

"सिगारेट सोड म्हणायची पद्धत आहे ती," बुधले म्हणाला.

मग मी सांगितले. पोटावरची चंद्रकोर, दारावरची चंद्रकोर. शिरोलीतल्या कोणत्या भट्टीत काय ओतले जाते ते. मी एका वाक्यात सांगितले, पसरलो नाही.

धैर्यशीलच्या सिगारेटची राख वाढत गेली आणि झटकायला जागा न सापडून त्याच्याच बुटावर पडली.

"मग सांगायचं नाही होय त्यांनी?" तो शेवटी म्हणाला.

तेवढ्यात नंदन बॉनेटखालून ओरडला, "उठला! डाग उठला!"

सगळे धावले. टोरेली रंगला होता. कडेने पिवळा, मग जांभळा, मग निळा. मोराच्या मानेवरून ऊन सरकावे तसाच. आणि त्या सगळ्या मोरपिशी वैभवाच्या ऐन मध्यावर, चारही नळ्यांवर आडवी, तपकिरी, स्पष्ट, चार बोटे.

यासीनने पॉलिश आणले. बुधलेने घासले, मग नंदनने, मग पुन्हा बुधलेने. बोटे गेली नाहीत. तेव्हा नंदन कंबरेवर हात ठेवून सरळ झाला आणि म्हणाला, "मी आधीच सांगत होतो. काझेहाराचं स्टील असतं, तर असा डाग पडला नसता."

"का पडला नसता?" बुधले म्हणाला, आणि पुन्हा सुरुवात झाली.

धैर्यशील वादात नव्हता. पण त्याने तो थांबवलाही नाही.

त्याला आता बरीच वर्षे झाली. मी एका तालुक्याच्या महाविद्यालयात कविता शिकवतो, म्हणजे कवितेवरच्या नोट्स देतो. फौंड्री पुण्याच्या लोकांनी घेतली. त्यांनी साच्यांतून चंद्रकोर काढून टाकली, कारण तिचा काही उपयोग नव्हता. त्यानंतर एका उन्हाळ्यात आबा गेले. तो मॅनिफोल्ड शेवटपर्यंत त्यांच्या खाटेशेजारी खिडकीत होता आणि त्यात कोणी काही विझवीत नसे.

शेड मात्र जोरात चालते. दाराशी निऑनचा फलक आहे. परवा मी गेलो तेव्हा धैर्यशील एका गिऱ्हाइकाला दोन हेडरमधला फरक समजावीत होता, पांढरे मोजे घालून. गाडी केव्हाच विकली गेली आहे, पण तो टोरेली त्याने काढून ठेवला आहे. काउंटरच्या मागे, भिंतीवर, छोट्या दिव्याखाली. गिऱ्हाइकाचे लक्ष तिकडे गेले.

"हा केवढ्याला?"

"तो विकायचा नाही."

"बाकी भारी आहे. पण हे चार डाग कसले?"

धैर्यशीलने वर पाहिले नाही. हातातला मोजा एकेका बोटावरून सावकाश ओढत काढला.

"कंपनीची खूण आहे," तो म्हणाला. "नकली मालावर ही नसते."